ॲलिसच्या गोष्टीवर डार्क राइड आखायची आहे? मग क्रम असा ठेवा

बंद, काळोख्या इमारतीतून संथ चालणारी गाडी आणि दोन्ही बाजूंना उजळत जाणारे देखावे, याला डार्क राइड म्हणतात. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये अलिबाबावरची राइड केली असेल तर प्रकार ओळखीचा असेल. आर्किटेक्चर, सेट डिझाइन किंवा ॲनिमेशन शिकलेले, तसंच गणेशोत्सवात हलते देखावे उभारणारे बरेच जण या कामाकडे वळू पाहतात. त्यांचा पहिला आराखडा बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतो: पुस्तकातलं सगळं सांगायचा हट्ट. गाडीत बसलेल्या माणसाला एका देखाव्यासाठी १५ ते ३० सेकंद मिळतात. त्या सेकंदांत त्याच्या अंगाला काय जाणवेल, इथून आराखडा सुरू करा.

उदाहरण म्हणून लुइस कॅरलच्या «ॲलिस इन वंडरलँड»मधली ॲलिस घेऊ: सशामागून बिळात पडून अजब दुनियेत पोचलेली, कधी लहान तर कधी अवाढव्य होणारी मुलगी. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये तिच्यावरची राइड १९५८ मध्ये आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला १९६१ मध्ये सुरू झाली. म्हणजे ही कथा या माध्यमात टिकते हे ठरलेलं आहे. खालची सगळी मापं एकमजली, ४ मिनिटांची, ६ आसनांच्या गाडीची राइड धरून दिली आहेत.

आधी जवळ हवं ते सामान

- मूळ पुस्तकाचा पूर्ण मजकूर. संक्षिप्त बालआवृत्ती चालणार नाही.
- आयएस १५४७५ हे अम्युझमेंट राइडच्या सुरक्षेचं भारतीय मानक. यंत्रणा परदेशी असेल तर एएसटीएम एफ२२९१, ईएन १३८१४ किंवा आयएसओ १७८४२ यांपैकी जे लागू असेल ते.
- लक्समीटर (उजेड मोजायला), डेसिबल मीटर (आवाज मोजायला), लेझर टेप, स्टॉपवॉच.
- १:२० मॉडेलसाठी फोमबोर्ड आणि पेनच्या जाडीचा छोटा कॅमेरा.
- पूर्ण मापाच्या चाचणीसाठी चाकांची खुर्ची, काळं कापड, दोन-तीन एलईडी पार दिवे (रंगमंचावरचे झोतदिवे), एक यूव्ही (अतिनील) दिवा.

१. हक्क तपासा

कॅरल १८९८ मध्ये वारला आणि चित्रकार जॉन टेनिएल १९१४ मध्ये. भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे १८६५ चं पुस्तक आणि त्यातली टेनिएलची ४२ चित्रं दोन्ही मोकळी आहेत.

सापळा असा की आपल्या डोक्यात बसलेली ॲलिस बहुधा डिस्नेच्या १९५१ च्या चित्रपटातली असते. ते चेहरे, ती गाणी, तो निळा झगा आणि पांढरा एप्रन यांच्या वाटेला जाऊ नका. टेनिएलची चित्रं समोर ठेवून रेखाटनं करा. १८९० च्या छोट्या मुलांसाठीच्या रंगीत आवृत्तीत ॲलिसचा झगा पिवळा आहे, आणि काळोखात पिवळा रंग निळ्यापेक्षा चांगला उठतो.

दुसरा घोळ पुस्तकांचा. हम्प्टी डम्प्टी आणि जुळे ट्वीडल भाऊ १८७१ च्या दुसऱ्या पुस्तकातले आहेत. हक्काची अडचण तिथेही नाही, पण पहिल्या पुस्तकातली पत्त्यांची दुनिया आणि दुसऱ्यातली बुद्धिबळाची दुनिया एकत्र केली की प्रेक्षकाला ठिकाणाचा अंदाज राहत नाही. एकच पुस्तक निवडा.

२. एक शारीरिक अनुभव ठरवा

१९५५ पासून चालू असलेल्या पीटर पॅनच्या राइडमध्ये गाडी वरच्या रुळाला टांगलेली आहे. लंडनवरून उडतोय असं वाटणं हाच तिचा गाभा, आणि बाकीचं सगळं त्याच्या सेवेला. तुमच्या कथेसाठी असंच एक वाक्य लिहा. ॲलिससाठी माझी शिफारस: «माझा आकार माझ्या हातात राहिला नाही.»

या वाक्याला जे प्रसंग लागू पडत नाहीत ते काढा. अश्रूंचं तळं, डचेसचं स्वयंपाकघर, ग्रिफन आणि नकली कासव गळतात. वाईट वाटेल, पण काढा. त्यातलं काही आवडतंच असेल तर ते रांगेच्या भिंतींवर घ्या. रांगेत माणूस अर्धा तास उभा असतो, तिथे वाचायला त्याला वेळ असतो.

३. क्षमतेचं गणित

पार्कचा मालक पहिला प्रश्न विचारतो: तासाला किती माणसं? सूत्र सोपं आहे. ३६०० भागिले दोन गाड्यांमधले सेकंद, गुणिले आसनं. ३० सेकंदांना एक गाडी आणि ६ आसनं म्हणजे तासाला ७२०. प्रत्यक्षात रिकामी आसनं आणि चढण्या-उतरण्यातला विलंब धरून यातले ८० ते ८५ टक्के, म्हणजे ५८० ते ६१० धरा. मालकाला हाच आकडा सांगा.

गाडीचा वेग सेकंदाला ०.६ मीटर ठेवा. ४ मिनिटांत १४४ मीटर रूळ लागतो. आत एका वेळी ८ गाड्या असतील. उतरायला, थांबायला आणि चढायला एकेक मिळून ३, आणि दुरुस्तीसाठी १ जादा: एकूण १२. रुळाभोवती देखाव्यांसह सरासरी ६ मीटर रुंदी धरली तर ८६४ चौ. मी. होतात. रांग, फलाट, कंट्रोल रूम आणि वर्कशॉप मिळून १,३०० ते १,४०० चौ. मी. मागा.

चार आसनी गाडी दर २० सेकंदांनी सोडली तरी बेरीज ७२० च येते, म्हणून नवखे ती निवडतात. मग कडेवर मूल घेतलेल्या आजींना बसायला जेमतेम १५ सेकंद मिळतात, गाडी उशिरा सुटते आणि मागची सगळी राइड अडते. उतरायचा आणि चढायचा फलाट वेगळा ठेवा. फलाट आणि गाडीचा तळ एका पातळीत घ्या, म्हणजे व्हीलचेअरवरून सरकून बसता येतं. उतरण्याच्या फलाटाआधी एका गाडीला थांबायची मोकळी जागा सोडा. ती नसेल तर फलाटावरचा प्रत्येक खोळंबा आत एखाद्या देखाव्यासमोर अडकलेली गाडी होऊन दिसतो.

४. गाडी आणि रूळ

तीन मुख्य पर्याय आहेत. जमिनीवरच्या एका रुळावरून वीज घेऊन चालणारी गाडी. साखळीसारखी अखंड फिरणारी गाड्यांची माळ. आणि रुळाविना, संगणकाच्या आज्ञेने फिरणारी गाडी, जशी टोकियो डिस्नेलँडच्या २००० सालच्या पूह अस्वलाच्या राइडमध्ये आहे. पहिल्या कामाला पहिला प्रकार घ्या. दुरुस्ती करणारे इलेक्ट्रिशियन आणि फिटर सहज मिळतात, आणि ॲलिसच्या बिळाला वळणं लागतात, ती याला छान जमतात.

तीन-तीन आसनांच्या दोन ओळी ठेवा आणि मागची ओळ १२ ते १५ सेंमी उंच घ्या. तिघांना मिळून एकच लॅप बार (मांडीवर टेकणारी सुरक्षेची दांडी) दिला की तो जाड माणसाच्या मांडीवर अडतो आणि शेजारच्या सहा वर्षांच्या मुलापुढे मोठी फट राहते. ते मूल उभं राहतं. प्रत्येकाला वेगळा बार द्या, किंवा कुलूपबंद दार आणि उंच कडा.

५. सेकंदांचा तक्ता

चित्रं काढण्याआधी हा तक्ता पूर्ण करा:

- नदीकाठ आणि ससा: २० सेकंद, १२ मी.
- बिळात पडणं: ३० सेकंद, १८ मी.
- दारांचा दिवाणखाना, नेहमीच्या आकाराचा: १५ सेकंद, ९ मी.
- तोच दिवाणखाना, अवाढव्य: २५ सेकंद, १५ मी.
- सशाच्या घरात मोठी होऊन अडकणं: २५ सेकंद, १५ मी.
- अळी आणि अळंबी: २० सेकंद, १२ मी.
- चेशायर मांजर: २५ सेकंद, १५ मी.
- चहाचं टेबल: २५ सेकंद, १५ मी.
- राणीचं क्रोके (फ्लेमिंगोने चेंडू मारायचा खेळ): ३० सेकंद, १८ मी.
- खटला आणि पत्त्यांचा पाऊस: २५ सेकंद, १५ मी.

दोन गाड्यांत ३० सेकंद, म्हणजे १८ मीटर अंतर आहे. म्हणून कुठलाही देखावा त्याहून लांब नको. लांब झाला की एकाच दालनात दोन गाड्या दिसतात आणि जादू संपते. शिवाय २५ सेकंदांच्या देखाव्यातली हालचाल मूळ जागी परतायला ५ सेकंदच उरतात. पडदा सावकाश मिटणार असेल तर तो गाडी दालनात असतानाच मिटायला लागला पाहिजे. मूर्ती अर्धवट वळलेली असताना पुढची गाडी आत येणं ही उद्घाटनाच्या आठवड्यातली ठरलेली तक्रार असते.

पहिला देखावा मुद्दाम उजळ ठेवा. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला काही मिनिटं लागतात. नदीकाठावरची सावली, मग बीळ, असा उजेड उतरता ठेवा. आत-बाहेर जाण्याच्या वाटांना इंग्रजी एस अक्षरासारखं वळण द्या, नाहीतर दार उघडताच उन्हाची तिरीप चौथ्या देखाव्यापर्यंत पोचते.

६. तीन युक्त्या, जवळून

*पडणं.* पुस्तकात ॲलिस सावकाश पडते. वाटेत फडताळं आणि नकाशे बघते, मुरंब्याची रिकामी बरणी उचलून ठेवते. म्हणजे खरा उतार लागतच नाही. गाडी सपाट रुळावर चालू द्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वर सरकवा. फडताळं छापलेल्या कॅनव्हासचा अखंड पट्टा रोलरवरून सेकंदाला ०.८ ते १ मीटर वेगाने वर फिरतो. नजरेच्या कडांना सगळं वर जाताना दिसलं की शरीर स्वतःला खाली जाताना समजतं. म्हणून पट्टे समोर लावण्यापेक्षा बाजूंना, गाडीच्या तळापासून डोक्यावर दीड मीटरपर्यंत लावा. आसनाखालून पंख्याचा वारा सोडा. पट्ट्याच्या मागे स्थिर काहीही दिसू देऊ नका, एखादा चमकणारा पाइपसुद्धा भ्रम मोडतो. पट्ट्याच्या पुढे टांगलेली बरणी मात्र चालते. रोलर मधोमध किंचित फुगीर घ्या. सरळ रोलरवर कॅनव्हास एका बाजूला सरकतो आणि कडा फाटते.

*आकार बदलणं.* दोन दालनं हुबेहूब सारखी, दुसरं तिप्पट. ७५ सेंमीचं टेबल २.२५ मीटरचं होतं. गाडीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटरवर असते, म्हणजे त्याला टेबलाची खालची बाजू दिसते; सगळा खेळ तिथेच जिंकला जातो. पुस्तकातलं छोटं दार पंधरा इंचांचं, म्हणजे ३८ सेंमीचं आहे, ते १.१४ मीटरचं होईल. ३० सेंमीची फरशी ९० ची करा. फरशीवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण माणूस आपल्या गाडीशी तुलना फरशीचीच करतो. भिंतीचा रंग, वेलबुट्टी, किल्लीची जागा, सगळं तंतोतंत तेच हवं. फक्त छत तिप्पट करता येत नाही: ३ मीटरचं ९ होईल आणि शेड तर ६-७ मीटरची. ५ मीटरच्या वर भिंती आतल्या बाजूला निमुळत्या करत न्या आणि उजेड तोडा. दोन दालनांच्या मध्ये एक वळण घ्या आणि त्या वळणावर फक्त «मला पी» लिहिलेली बाटली, दुसरं काही नाही.

*मांजर.* झाडावर बसलेल्या मांजराचं शरीर विरतं, हसू उरतं. हे १८६२ पासून रंगभूमीवर चालत आलेल्या पेपर्स घोस्ट युक्तीने उत्तम होतं. प्रेक्षक आणि झाड यांच्यामध्ये ४५ अंशांत काच उभी करा. मांजराची मूर्ती बाजूच्या काळ्या कप्प्यात लपवा. काचेपासून ती जितक्या अंतरावर असेल तितक्याच अंतरावर तिचं प्रतिबिंब काचेमागे दिसतं, म्हणून फांदीचं अंतर त्यावरून मोजा. दातांना यूव्ही रंग द्या. साधा दिवा ४ सेकंदांत मंद करत विझवा आणि यूव्ही दिवा चालू ठेवा. हसू आणखी ३ सेकंद राहतं, मग तोही बंद.

बिघडतं ते असं: जाड काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून दुहेरी प्रतिबिंब पडतं, त्यामुळे सुरक्षित लॅमिनेटेड काच शक्य तितकी पातळ घ्या आणि तिच्या मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन फिल्म लावा. गाडी सरकत असते, म्हणून देखाव्याची खिडकी लहान ठेवा आणि काचेच्या कडा चौकटीबाहेर जाऊ द्या. यूव्ही उजेड गाडीवर सांडला की पांढरे शर्ट लखलखतात आणि झाडाऐवजी काचेत प्रेक्षकच दिसतात. दिव्याला तोंडाशी झडपा लावा. मोबाइलच्या पडद्याचा उजेडही काचेत उमटतो, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवायची सूचना फलाटावरच द्या.

७. आवाज

प्रत्येक देखाव्याला एकच वाक्य, ४ ते ५ सेकंदांचं. मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी कुटुंबं एकाच गाडीत बसतात, त्यामुळे गोष्ट आवाजाशिवाय कळली पाहिजे. तपासायची रीत: चलचित्र आराखडा (कच्च्या चित्रांची फिल्म) आवाज बंद करून एखाद्या आठ वर्षांच्या मुलाला दाखवा आणि त्यालाच सांगायला लावा काय झालं. जिथे तो अडतो तिथे वाक्य वाढवू नका, देखावा बदला.

संवाद गाडीतल्या स्पीकरमधून आणि वातावरणाचे आवाज दालनातून सोडा. चहापानाचा गोंगाट शेजारच्या मांजरापर्यंत जातो, म्हणून दोन दालनांमध्ये दुहेरी भिंत आणि आत रॉकवूल (आवाज शोषणारं भरण) हवं. चाकांचा खडखडाट आधीच मोजा. पॉलियुरेथेनची चाकं घेतली तर तो बराच उतरतो.

८. हलणाऱ्या मूर्ती

पुण्या-मुंबईच्या मंडळांचे कारागीर गाडीच्या वायपर मोटरवर जे हलते देखावे करतात त्यातलं कसब इथे थेट कामाला येतं. फरक आयुष्याचा आहे. गणपतीत मूर्ती दहा दिवस हलते. इथे तासाला १२० वेळा, दिवसाचे १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर वर्षाला ३ लाख ६० हजार वेळा. वायपर मोटर आणि वेल्ड केलेली पट्टी इथे टिकणार नाही. औद्योगिक गिअर मोटर, बेअरिंग बसवलेले सांधे आणि वंगण घालायला उघडणारं झाकण, हे तिन्ही रेखाटनातच दाखवा. मूर्तीची पाठ भिंतीला चिकटवू नका. मागून ६० सेंमीची वाट नसेल तर फिटर पोचणार कसा?

हालचाल कमीत कमी ठेवा. क्रोकेच्या देखाव्यात राणीचा फक्त हात आणि मान हलली तरी पुरतं. पण फ्लेमिंगोने मान वळवून थेट गाडीकडे पाहिलं पाहिजे. मुलं तेच लक्षात ठेवतात.

कोकण आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो, स्प्रिंगा गंजतात, प्रोजेक्टरवर बुरशी येते. मरीन प्लाय, स्टेनलेस स्टील आणि रात्रीही चालू राहणारा डीह्युमिडिफायर यांचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरा. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून केबल धातूच्या पाइपमधून न्या.

९. आग, वीज, सुटका

हा भाग शेवटी जोडायचा नाही, तिसऱ्या टप्प्यापासून सोबत चालवायचा आहे. १९७९ मध्ये सिडनीच्या लूना पार्कमधल्या घोस्ट ट्रेनला आग लागून ७ जण गेले. १९८४ मध्ये न्यू जर्सीच्या एका पार्कमधल्या झपाटलेल्या किल्ल्यात ८ किशोरवयीन मुलं गेली. तिथे फोमचं अस्तर पेटलं होतं आणि स्प्रिंकलर नव्हते. डार्क राइडमध्ये काळोख, अरुंद वाटा आणि जळणारं सामान एकत्र येतं.

- फायबर अग्निरोधक रेझिनचं, कापड प्रक्रिया केलेलं, थर्माकोल आणि साधा फोम अजिबात नाही. प्रत्येक मालाचं चाचणी प्रमाणपत्र फाइलला.
- सर्व दालनांत, देखाव्यांच्या मागेसुद्धा, स्प्रिंकलर.
- रुळाच्या कडेने पूर्ण लांबीभर चालण्याची मोकळी वाट आणि बॅटरीवरचे दिवे. वीज गेल्यावर कुठल्याही जागेवरच्या गाडीतून माणसं उतरवता आली पाहिजेत.
- धुराचा इफेक्ट हवा असेल तर आधी फायर सल्लागाराशी बोला. बनावट धुराने स्मोक डिटेक्टर वाजतो, मग कोणीतरी त्यावर पिशवी बांधतो. ती पिशवी प्राणघातक आहे. वेगळ्या प्रकारचा डिटेक्टर लावा किंवा धूर सोडून द्या.
- एका विभागात एकच गाडी, हा नियम सुरक्षा पीएलसी (गाड्यांवर नियंत्रण ठेवणारी संगणकीय यंत्रणा) पाळते. सेन्सर बंद पडला तर गाड्या थांबल्या पाहिजेत, चालू राहता कामा नयेत.
- फायर एनओसी, विद्युत निरीक्षकाची मंजुरी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र, गाडीच्या उत्पादकाची गणितं आणि स्थानिक परवाने यांची यादी पहिल्याच बैठकीत पार्ककडून लेखी घ्या.

१०. मॉडेल, खुर्ची, चौकट

आधी १:२० मॉडेल. त्यातून कॅमेरा गाडीतल्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे ५.५ ते ६ सेंमीवर, सरकवा. दिव्यांचे स्टँड, छताचे पत्रे आणि मागचा देखावा कुठून डोकावतो ते इथेच कळतं.

मग गोदामात काळं कापड टांगून मांजराचा आणि मोठ्या टेबलाचा देखावा पूर्ण मापात उभा करा आणि चाकांच्या खुर्चीवर माणूस बसवून सेकंदाला ०.६ मीटरने ढकला. दोनच देखावे, पण हेच दोन. राइडचा खर्च यांच्यावर उभा आहे.

रूळ बसला की गाडीवर हातांच्या आवाक्याएवढी हलक्या पाइपची चौकट बसवा: बसलेल्या उंच माणसाचे हात वर, बाजूला आणि पुढे जिथवर पोचतात, त्यापलीकडे मानकात दिलेली मोकळी जागा. ही चौकट पूर्ण रुळावरून हळू फिरवा. सशाच्या घरात ती हमखास अडते, कारण तिथे छत आणि भिंती मुद्दाम जवळ घेतलेल्या असतात. तिथे छत वर न्या आणि गुदमरल्याची भावना खिडकीतून आणा: खिडकी गुडघ्याच्या उंचीला, बाहेर बोटभर झाडं. सजावट करणारे शेवटच्या रात्री एखादी फांदी, एखादा दिवा वाढवतात, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चौकट पुन्हा फिरवा आणि त्यानंतर दालनांत काही लावायला कोणालाही परवानगी देऊ नका.